गुडघ्याची शोकसभा

माणूस नश्वर आहे, गुडघा मात्र बदलून मिळतो. या एका बाबतीत विज्ञानाने माणसापेक्षा त्याच्या गुडघ्याची सोय अधिक चांगली केली आहे. आणि ज्यांची सोय होते त्यांची संघटना होते, हा समाजजीवनाचा नियम असल्यामुळे बदललेल्या गुडघ्यांचीही एक झाली. तिचं नाव नवगुडघा मंडळ. (मंडळ गुडघ्यांचं आहे, माणसं त्यांच्यासोबत येतात, असं घटनेच्या पहिल्याच कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे.)

मंडळाची बैठक दर महिन्याला हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, व्यायामाच्या खोलीत भरायची. सभासद दोन प्रकारचे: एकेरी आणि दुहेरी. दुहेरींना हातांच्या खुर्च्या, एकेरींना बिनहातांच्या. सभासदत्वाच्या अर्जावर गुडघ्याचा फोटो लावावा लागे, टाक्यांची रेघ नीट दिसेल असा. चेहऱ्याचा फोटो लागत नसे, कारण चेहरा रोज थोडाथोडा बदलतो, गुडघा एकदाच. मंडळाच्या वार्षिक पाहणीनुसार चौऱ्याण्णव टक्के सभासद आपल्या गुडघ्यावर पूर्ण समाधानी होते. उरलेले सहा टक्के पाहणीला येऊ शकले नाहीत, कारण त्यांना चालता येत नव्हतं.

बैठकीत एकच काम असे, पण ते मन लावून होई. व्यायाम शिकवणाऱ्या बाई मोठा कोनमापक घेऊन प्रत्येकाचा गुडघा किती अंश वाकतो ते मोजायच्या आणि आकडा फळ्यावर लिहायच्या. हळूहळू सभासद एकमेकांना आकड्यांनीच ओळखू लागले. "एकशे दहा आज दिसत नाहीत?" "त्यांच्या शहाण्णवांना ताप आहे, म्हणून घरी थांबलेत." असं प्रेमळ बोलणं तिथे चाले.

या फळ्यावर सर्वांत वर एकशे अठ्ठावीस होतं. ते टेलिफोनबाईंचं.

टेलिफोनबाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर बोर्डावर बसून लोकांच्या लाइनी जोडून देणारी बाई. नोकरी संपली, एक्स्चेंजही बंद पडलं, नाव राहिलं. त्यांच्या खालोखाल एकशे सव्वीस अंशांवर मंडळाचे अध्यक्ष होते. हे निवृत्त मुख्याध्यापक, शिवाय दुहेरी. दोन्ही गुडघे मिळून आपले दोनशे बावन्न होतात आणि तो आकडा फळ्यावर यावा, असा ठराव त्यांनी दोनदा मांडला होता. समितीने तो दोन्हीदा विचारार्थ ठेवून घेतला.

टेलिफोनबाईंनी गुडघा का बदलला, हे फळ्यावर नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "काय जमत नाही?" बाई म्हणाल्या, "जिना." डॉक्टर म्हणाले, "जमेल." कोणता जिना, हे कोणी विचारलं नाही. वैद्यकशास्त्रात सगळे जिने सारखेच असतात.

तो जिना त्यांच्या मैत्रिणीच्या इमारतीचा होता. तीन मजले, लिफ्ट नाही. एक्स्चेंजमध्ये ही मैत्रीण शेजारच्या बोर्डावर बसायची. गावभरचे जन्म, मृत्यू, सोयरिकी आणि भांडणं दोघींच्या कानांतून गेली, आणि ती दोघींनी बाहेर कोणाला सांगितली नाहीत, फक्त एकमेकींना सांगितली. पुढे मैत्रिणीला ऐकू येईनासं झालं. आधी हेडफोनच्या बाजूचा कान गेला, मग त्याच्या सोबतीला दुसराही. बाईंनी फोन केला की ती उचलायची, "जरा मोठ्याने बोला, लाइन खराब आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. मैत्रिणीचे स्वतःचे गुडघे कधीच गेले होते आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची, तेव्हा ती खाली येणं शक्य नव्हतं. मग कोणीतरी वर जायला हवं होतं. बाईंनी गुडघा बदलला तो एवढ्यासाठी.

पण गुडघा एकशे अठ्ठावीस अंश वाकला आणि तिथून सगळं बिनसलं.

बाईंचा मुलगा लिफ्ट तपासनीस होता. गावातल्या प्रत्येक लिफ्टच्या तारा, चाकं आणि दारं तो वर्षातून एकदा तपासायचा. जिन्याबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं. लिफ्ट बंद पडली की माणसावर जी नामुष्की येते तिला तो जिना म्हणायचा. आईचा गुडघा पहिला आल्यावर त्याने घरात काही साधे नियम केले. आईने खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही आणि कारणाशिवाय उठायचं नाही. (कारण सांगितलं की ते काम दुसरं कोणीतरी करून टाकायचं, त्यामुळे कारण उरायचं नाही.) हॉलमध्ये गुडघ्यासाठी एक स्टूल आलं, स्टुलावर उशी आली. पाहुण्यांना आधी पाणी आणि मग गुडघा दाखवला जाई. दाराशी पाय घसरू नये म्हणून जाड रबराची चटई अंथरली गेली.

"मला जरा बाहेर जाऊन यायचंय," बाई म्हणायच्या.

"सोडतो ना गाडीने. लिफ्ट आहे तिथे?"

"नाही."

"मग काय करायचंय जाऊन?" मुलगा अगदी मायेने म्हणायचा. आणि ती माया खरी होती, म्हणून तर बाईंना भांडता येत नव्हतं.

वर्षभर तो गुडघा असा राजासारखा बसून राहिला. त्याच्या वरच्या मांडीच्या हाडाला काही कामच उरलं नाही, आणि काम नसलेल्या हाडाचं जे होतं ते झालं. ते आतून पोकळ होत गेलं. हाड फळ्यावर नसल्यामुळे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

एके दिवशी मैत्रिणीच्या भाच्याचा फोन आला. मावशीला आता एकटीला ठेवणं बरं नाही, दोन महिन्यांनी तिला आपल्याकडे नेतोय, घर विकायला काढलंय, असं त्याने सांगितलं. तो राहायचा ते शहर आगगाडीने दोन रात्रींवर होतं. बाईंनी फोन ठेवला. मुलगा कोणाच्या तरी लिफ्टमध्ये होता, सून ऑफिसात. बाईंनी बाहेरच्या चपला घातल्या, बहिऱ्या माणसाशी बोलायला हवी म्हणून पिशवीत एक पाटी आणि पेन्सिल टाकली आणि दाराकडे निघाल्या. रबराच्या चटईच्या कडेला चप्पल अडकली. पाटीला तडाही गेला नाही. गुडघ्याला ओरखडासुद्धा उठला नाही. मांडीचं हाड तेवढं, गुडघ्याच्या चार बोटं वर, मोडलं.

हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पडलात कशा?"

"मी निघाले होते—"

"निघणं यात नाही बसत, आजी. घसरून, अडखळून की चक्कर येऊन?"

"अडखळून," बाई म्हणाल्या. त्यांच्या एका पायात चप्पल अजून होती. शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी ती हळूच काढून खाटेखाली ठेवली आणि 'अयोग्य पादत्राण' असा शेरा मारला.

मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, मग तिरका करून पुन्हा धरला. शेवटी म्हणाले, "वा." त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या. एक्स-रे हातोहात फिरला. धातू जिथल्या तिथे होता, कुठे तसूभर सैल नव्हता.

"आजी, अभिनंदन. गुडघ्याला काही म्हणजे काही झालेलं नाही."

"मग दुखतंय काय एवढं?"

"ते वर. मांडीचं हाड मोडलंय." वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने रात्री गोंधळ घातला, त्याला आपण काय करणार, अशा सुरात ते म्हणाले. त्या विभागाच्या यशाच्या आकडेवारीत फक्त गुडघे मोजले जात, आणि आकडेवारी शंभर टक्के होती. ती याही मोडण्याने खाली आली नाही.

उपाय दोन होते. पहिला म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूने लांब पट्टी ठेवून ती स्क्रूंनी हाडाला आवळायची. यात गुडघा वाचतो, पण हाड जुळेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, साधारण तीन महिने. दुसरा म्हणजे हाडाचा मोडका खालचा भाग गुडघ्यासकट काढून त्या जागी एक मोठा, बिजागरीचा सांधा बसवायचा. यात माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो, पण पाय फार वाकत नाही, आणि जंतू शिरले तर पुढे डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. (हाडाच्या पोकळीतून सळई घालण्याचा तिसराही मार्ग असतो, पण बाईंच्या गुडघ्यात मधून सळई जायला वाट ठेवलेली नव्हती. हा गुडघा आपल्यात कोणाला घेत नसे.)

"तीन महिने?" बाईंनी विचारलं.

"तीन. कधी चारही लागतात."

"मग मोठा सांधा घाला."

मुलगा खाटेजवळ आला आणि त्याने आईचा हात धरला. "आई, एकशे अठ्ठावीस आहेत ते."

"असू देत."

"वेदनेत माणूस असं बोलतो," मोठे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन म्हणाले. "इतका देखणा गुडघा काढायला माझा हात धजायचा नाही." दोघांचं पट्टीवर एकमत झालं. ऑपरेशन परवा ठरलं. बाईंचं मत वेदनेच्या खात्यात जमा झालं.

बाई छताकडे बघत पडून राहिल्या. दोन महिन्यांनी मैत्रीण जाणार आणि तीन महिन्यांनी आपला पाय जमिनीला लागणार, हा हिशेब त्यांनी कितीही वेळा केला तरी तोच येत होता. त्यांना रडू आलं. नर्सने दुखण्याची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी नवगुडघा मंडळाने खाटेभोवती तातडीची बैठक घेतली. मांडी मोडलेल्या व्यक्तीचा शाबूत गुडघा सभासद राहू शकतो का, हा पहिला विषय होता. राहू शकतो, असं ठरलं. दुसरा विषय 'गुडघा वाचवा' हा ठराव. तो हात वर करून मंजूर झाला. अध्यक्ष मात्र खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा हात अर्ध्यावर येऊन थांबला होता.

लाइनवरचा माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, त्यावरूनच बाईंना तो काय मागणार ते कळायचं. तीस वर्षांत एवढं तर कोणालाही कळेल. सगळे निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं थांबता?"

सर थांबले.

"मोठा सांधा बसवला तर माझा पाय किती वाकेल हो?"

"पंच्याण्णवच्या वर नाही, असं ऐकतो," सर म्हणाले. "चौकशी केली होती सहज."

"मग फळ्यावर पहिलं कोण?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "बाई, असला विचार माझ्या मनाला शिवलेलासुद्धा नाही."

"आता शिवला असेल."

सर बराच वेळ उभे होते. (दुहेरी असूनही.) मग म्हणाले, "आपली स्वतःची इच्छा काय आहे, बाई?"

त्या खोलीत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. तो सत्तेच्या लोभातून आला होता, पण आला.

त्यानंतर अध्यक्षांनी मोठ्या डॉक्टरांपुढे जे भाषण केलं, तसं त्यांनी मुख्याध्यापक असतानाही केलं नव्हतं. रुग्णाची इच्छा ही सर्वोच्च असते, असं ते म्हणाले. देह ज्याचा निर्णय त्याचा, असं म्हणताना त्यांचा आवाज जड झाला. गुडघे येतील आणि गुडघे जातील, असंही ते म्हणाले, आणि एवढं बोलल्यावर त्यांना पाणी द्यावं लागलं. दरम्यान असा मोठा सांधा या हॉस्पिटलात आजवर कोणीच बसवलेला नाही आणि जो बसवेल तो पहिला ठरेल, हे मोठ्या डॉक्टरांना त्यांच्या सहायकाने सांगितलं. डॉक्टर लहानपणापासून पहिले येत आलेले होते. त्यांनी रुग्णाच्या इच्छेपुढे मान तुकवली. मुलाने डबडबलेल्या डोळ्यांनी सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी बाईंना वॉकर धरून उभं केलं तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्या उभ्या राहिल्या. पंधरवड्यात व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आल्या. पाय ब्याण्णव अंश वाकत होता. व्यायामाच्या बाईंनी तो आकडा अगदी बारीक अक्षरांत लिहिला.

काढलेला गुडघा मुलाने मागून घेतला. तो नीट धुऊन निर्जंतुक करून मिळाला. मुलाने त्याच्यासाठी काचेची पेटी करून घेतली आणि ती हॉलमधल्या कपाटावर ठेवली. जागा करण्यासाठी वडिलांचा फोटो थोडा डावीकडे सरकवावा लागला. सुनेने ते पाहिलं. खाटेखालून आणलेली चप्पल मात्र तिने पुसून, तिच्या जोडीदारणीसह दाराच्या अगदी जवळ ठेवली. रबराची चटई गुंडाळून माळ्यावर टाकली ती तिनेच.

दीड महिना झाला तेव्हा मंडळाने शोकसभा घेतली. आधीच घ्यायची होती, पण दाराशी पायऱ्यांऐवजी उतार असलेलं सभागृह मिळत नव्हतं. टेबलावर मधोमध काचेची पेटी होती. मागे एक्स-रे दिव्यावर लावला होता. मोठ्या डॉक्टरांनी पेटीकडे बघून सांगितलं की इतक्या शिस्तीचा गुडघा आपल्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही. मुलाला दोन वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही. नवे प्रथम क्रमांक म्हणून अध्यक्षांनी या पदाचे काटे आपल्याला आज जाणवत आहेत असं नमूद केलं. मग सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहायची होती. उभं राहण्यातच दोन मिनिटं गेली, त्यामुळे शांतता वेगळी पाळावी लागली नाही.

पहिल्या रांगेत 'गुडघ्याच्या माजी मालकीणबाई' अशी चिठ्ठी लावलेली बिनहातांची खुर्ची होती. ती रिकामी होती. सभा संपेपर्यंत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळे गुडघ्याकडे बघत होते. सुनेच्या ध्यानात आलं होतं. पण टॅक्सी तिनेच बोलावलेली असल्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही.

बाई त्या वेळी पहिल्या मजल्याच्या वळणावर बसल्या होत्या. एका हाताने कठडा, दुसऱ्यात काठी, खांद्याला पिशवी. आधी चांगला पाय वर, मग काठी, मग नवा पाय, असं व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं. पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी दारातल्या स्टुलावर त्या पुन्हा बसल्या, आणि घाम पुसताना त्यांना भीती वाटली की वर कुलूप असेल. भाचा म्हणाला होता दोन महिने, पण माणसं लवकरही निघतात. मग त्या उठल्या.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. घंटा ऐकू येत नसल्यामुळे मैत्रीण दिवसभर दार उघडं ठेवून समोर बसायची. आत बांधलेली खोकी होती. मैत्रिणीने मान वर केली आणि ती बघत राहिली.

तिच्या कानांवर काहीच आलेलं नव्हतं. एकशे अठ्ठावीस आलं नव्हतं, मंडळ आलं नव्हतं, शोकसभाही नाही. सगळ्या गावात त्या गुडघ्याची कीर्ती न पोचलेलं ते एकच माणूस होतं. काठीकडे, पायाकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "किती वाळलीस गं. होतीस कुठे इतके दिवस?"

बाई खोक्यावर टेकल्या. त्यांनी पिशवीतून पाटी काढली, पेन्सिल शोधली आणि लिहिलं, 'लाइन लागत नव्हती.'

मैत्रिणीने ते वाचलं आणि खदखदून हसली. मग दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. मग बाईंनी पाटी पदराने पुसली आणि वर्षभराचं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

त्या खाली कशा उतरल्या, पाय सुजला का, आणि तीन मजले चढताना नवा सांधा नेमका किती अंश वाकला, याची नोंद कुठेही नाही. आपल्या मनात मघापासून तोच प्रश्न घोळत असेल, तर कळवण्यास आनंद होतो की मंडळात एक जागा रिकामी झालेली आहे. अर्जासोबत गुडघ्याचा फोटो जोडावा. चेहऱ्याचा लागत नाही.